सड्यावरल्याचं नाव

१० मार्च १९८६, सोम.
गावाच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, मोजणीवाले आलेत. डिझेल-रॉकेलच्या मोठ्या टाक्या होणार म्हणे. पोरांचं वर्गात लक्ष नाही, सगळ्या माना खिडकीकडे. पंचायतीत साहेब म्हणाले, "नोकरीत स्थानिकांना प्राधान्य." ह्यांनी तिथल्या तिथे वसंताचं नाव सांगून टाकलं. बी.कॉम. झालेला आमचा एकुलता एक, चार वर्षं गोव्याच्या हॉटेलात बशा उचलतोय. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू?
शेजारची शेवंती म्हणते, "तेल उतारान खाली येतला. मगे बावीचा पाणी कोण पितला?" सड्याखालची विहीर तिची नि आमची सामाईक. म्हटलं, तुझं मेलं कायम उलटंच. भांडलो.

१४ मार्च
टाक्यांसाठी देवाला कौल लावायचं ठरलं. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, म्हणजे ह्यांचा. दुपारी पडवीत बसून नावं म्हणून बघत होते. ग्रामदेवतेपासून शिवेवरल्या राखणदारांपर्यंत, कोणी राहता कामा नये. सड्यावरल्याचं, तिथल्या राखणदाराचं, नाव आलं तसं मी म्हटलं, त्याचीच जागा जायची, त्याला कशाला हाक मारता? तो काय होय म्हणणार?
"बाई, तू पोरांका शिकव. देवाक नको."
पण नाही म्हणाले नाहीत.

१६ मार्च, रवि.
कौल झाला. ह्यांनी नाव गाळलं. "होय म्हाराजा"च्या गजरात कोणाच्या ध्यानात आलं नाही. गुरव मात्र एकदा मागे वळून बघत राहिले. उजवा कळा, म्हणजे होकाराचा, लगेच पडला. देवाच्या अंगाला पाण्याने नीट चिकटवलेला कळा इतक्या चटकन पडलेला मी तरी बघितला नाही. लोक खूष.
येताना सड्याच्या कडेने आलो. वारा अजिबात नव्हता. मोजणीच्या खुंट्यांवरच्या तांबड्या चिंध्या फडफडत होत्या. मी ह्यांना दाखवल्या नाहीत.

१९ मार्च
पाण्याला रॉकेलचा वास. कळशी राखेने तीनदा घासली, स्टो मागीलदारी नेऊन ठेवला. वास आहेच. ह्यांना येत नाही. शेवंतीलाही नाही. "आता तूच म्हणतंस?" आणि हसली मेली.
सड्यावर अजून तेलाचा एक डबा आलेला नाही. खुंट्या आणि चुन्याच्या रेघा, बस.

२२ मार्च
शेवंतीच्या म्हशीने पाण्याला तोंड लावलं नाही. बादलीत फुरफुरली आणि दावं ताणून मागे सरली. शेवंती आता हसत नाही. बाटली भरून तालुक्याला तपासायला दिली.

२७ मार्च
कागद आला. पाणी पिण्यास योग्य.
शाळेच्या पिंपातही आज तोच वास. ते पाणी तर खालच्या वाडीतल्या विहिरीचं.
रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. म्हणाले, "त्याचा नाव माझ्या तोंडातून येणा नाय गो." सगळी नावं म्हणतात आणि तिथे आलं की थांबतात. मी सांगते म्हटलं. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी ऐकलेलं नाव! नाही आलं. इथे लिहून बघावं म्हटलं, सड्यावरचा
नाही.
हे गुरवांकडे गेले. त्यांना येतं, पण सांगेनात. "ज्याना गाळल्यान, त्यानाच घालूक व्हया."

३१ मार्च, सोम.
वसंताचं पत्र. मुलाखतीचं बोलावणं आलंय, शनिवारी येतो. अक्षरातच आनंद दिसतोय पोराचा.
रविवारी सभेत टाक्यांचा ठराव. गुरव म्हणतात, कौल परत लावायचा तर सभेत उभं राहून नाव गाळल्याचं कबूल करा. कबूल केलं की ठराव अडला, आणि व. पुन्हा बशा उचलायला. हे गप्प बसले तर असलं पाणी गावभर. शेवंतीची नातवंडं तेच पितात. देवा, मला माझं पोर घरी हवं होतं रे. दुसरं काय मागितलं होतं मी?

५ एप्रिल, शनि.
व. आला. एसटीतून उतरून भर उन्हातून चालत. चप्पलसुद्धा काढली नाही, कळशीतून तांब्या बुडवला आणि घटाघटा. मी "थांब" म्हणेपर्यंत संपलासुद्धा.
"आये, असला पाणी गोव्यात नाय गो! कितका गोड!"
दुसराही प्यायला. मग वाकून पाया पडला. उठून जवळ आला तर त्याच्या श्वासाला रॉकेलचा वास. ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नाकाला पंचा लावला होता. त्यांना आज पहिल्यांदाच आला.
उद्या दहाला सभा. हे म्हणतात, तूच बोल.
व. पडवीतून विचारतोय, "आये, सभेत माझ्यासाठी बोलतलंस मां? आणि आणखी एक तांब्यो हाड गो, तान काय भागणा नाय."
मी अजून उठलेली नाही.