वाकळेचा उघडा कोपरा

१२ जानेवारी, रविवार

वही घेऊन सव्वा महिना झाला. घेताना बसवकल्याणच्या दुकानदाराला सांगितलं होतं, रोज लिहिणार आहे, जाड दे. आज पहिलं पान. आळस म्हणून नाही. आधी पेन नीट नव्हता. पेन मिळाला तर वही डाळीच्या डब्याखाली गेली. ती सापडली तर लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मंठाळमध्ये घडतंय काय?

आता घडणार आहे. फेब्रुवारीत गुलबर्ग्याला हस्तकलेचा मोठा मेळा आहे. साधी जत्रा नव्हे, ज्युरी आहे. म्हणजे ते आधी बघणार, नाक मुरडणार, मग घेणार. वस्तू हातानं केलेली पाहिजे आणि कंटेम्पररी पाहिजे. मोबाईलवर अर्थ बघितला. चालू काळातलं. म्हणजे मीच.

गावाचा उबग आलाय. हैदराबादला टायरच्या दुकानात राहिलो, उदगीरला डीजेवर राहिलो, गुलबर्ग्याच्या गोदामात अकरा दिवस तुरीच्या पोत्यांची तोंडं शिवली. एवढा अनुभव. तरी पारावर म्हणतात, हरिबा कुठं टिकत न्हाई. थू.

१४ जानेवारी, मंगळवार

काय बनवायचं ते ठरलं नाही. बिदरीचं काळं भांडं नको, ते बीदरात घरोघर आहे. लाकूड नको, हाताला लागतं. माती नको, ओली असते. विचार करता करता तीळगुळाचे सात लाडू गेले.

१६ जानेवारी, गुरुवार

सापडलं! आणि घरातच.

मी आत्याकडं राहतो. सत्यभामाबाई, वडलांची थोरली बहीण. तिची लेक दीपमालाअक्का बाळंतपणाला माहेरी आलीय. डॉक्टरनं शिवरात्रीच्या पुढची तारीख दिलीय. तिच्या बाळासाठी आत्या चार महिने वाकळ शिवायलीय. मामांचं, म्हणजे आत्याच्या मालकांचं, धोतर, अक्काचे लहानपणचे फ्रॉक, आजीच्या इरकल लुगड्याचा काठ. मधोमध निळा चौकोन आहे तो माझ्या आयटीआयच्या शर्टाचा. आयटीआय सोडलं तेव्हा तो शर्ट मीच दिला होता. म्हणजे माझा हात त्यात आहेच.

तीन कोपरे शिवलेत. चौथा उघडा. विचारलं, हा राहिला का? आत्या म्हणाली, राहिला न्हाई, ठेवलाय. लेकरू आल्यावर त्याच्या नावानं भाजलेल्या पहिल्या भाकरीचा तुकडा त्यात घालायचा, मग तोंड शिवायचं. रिकाम्या पोटी वाकळ शिवली तर लेकराला तिची ऊब लागत न्हाई.

अंधश्रद्धा. पण दिसायला भारी आहे.

२० जानेवारी, सोमवार

फॉर्म भरला. वाकळेचे चार फोटो टाकले. करणारा मेळ्यात तिन्ही दिवस स्वतः हजर पाहिजे, असा नियम आहे. आत्या काय तीन दिवस बसणार? म्हशीला कोण बघणार? हजर राहणार मी. म्हणून करणाऱ्याच्या जागी माझं नाव. हरिबा लिहिलं नाही, ते आजोबाचं. एच. मंठाळकर लिहिलं.

वस्तूची खासियत लिहायला एक रकाना होता. लिहिलं, हा उघडा कोपरा येणाऱ्याची वाट बघतो. आत्याचंच वाक्य, पण ती चुलीपुढं बोलली होती. फॉर्मवर मी टाकलं.

आत्याला सांगितलं, तुझं नाव देणार आहे. म्हणाली, माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय? वाकळ लेकरू यायच्या आत वापस आण. आणि कोपऱ्याला हात लावशील तर बघ.

नाव देणार आहेच. बक्षीस मिळाल्यावर. माईकवर.

३० जानेवारी, गुरुवार

निवड झाली! शंभरात चाळीस घेतले, त्यात मी. ज्युरीचा मेल आलाय. इंग्रजीत, लांबच्या लांब. पहिली ओळ अभिनंदनाची. बाकी निवांत वाचू.

पारावर जाऊन सांगितलं. म्हणाले, कशात निवड? वाकळेत, म्हणालो. एवढे हसले की चहा सांडला. माझ्या पँटवर.

३ फेब्रुवारी, सोमवार

मेल वाचायला बसलो. तेवढ्यात भीमण्णाचा नवीन बैल आला, तो बघायला गेलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निघालो. आत्यानं वाकळ जुन्या चादरीत बांधली, वर स्वतःच्या हातानं गाठ मारली. अक्का पोटावर हात ठेवून दारात उभी. म्हणाली, हरिबा, आमच्या आधी ये बघ घरी. मी म्हणालो, तुमच्याकडं अजून तीन आठवडे आहेत, मला तीनच दिवस पाहिजेत.

वाटेत मुडबीला बसमधून उतरलो, कारण विहिरीत जेसीबी पडलं होतं. असं रोज दिसत नाही. ते काढायला दुसरं जेसीबी आणलं, तेही अर्धं गेलं. शेवटपर्यंत थांबलो. गुलबर्ग्याला पोचलो तर नोंदणीची खिडकी बंद. त्यामुळे स्टॉल मिळाला तो एकदम मागे, संडासाजवळ. व्यवस्थाच भिकार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मेळा बघितला आणि किळस आली. ज्याला आपण भंगार म्हणतो त्याला इथं कार्ड लावलंय. वाकडा माठ, म्हणे भाव आहे. फाटकी टोपली, म्हणे प्रश्न विचारते. माणसं डोकं तिरकं करून बघतात आणि हं म्हणतात. चहाला वास. तोही हाताचाच असणार.

शेजारच्या स्टॉलवर वृंदा. गुलबर्ग्याचीच, वडील कॉलेजात मास्तर. तिनं तुराट्यांचे, तुरीच्या वाळल्या काड्यांचे, दिवे केलेत. तुराट्या! आमच्याकडं चुलीत घालतात. म्हणालो तसं. ती म्हणाली, घालतात म्हणूनच वाया जातात. नंतर वाकळ बघितली, हात फिरवला, म्हणाली, टाके किती बारीक हो तुमचे. मी म्हणालो, सवयीनं जमतं.

मग म्हणाली, हा कोपरा उसवलाय का?

एवढंच. पण डोक्यात राहिलं. उसवलाय! चाळीस माणसांत माझंच काम उसवलेलं दिसतंय. आता लक्षात आलं, लोक इथं थांबून पुढं का जायलेत. मी समजत होतो संडासामुळं.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी १०

निर्णय घेतला. कोपरा शिवतो. ज्युरी दुपारी येणार, अर्धवट काम कोण दाखवतंय? आत्याची भाकरीची भानगड नंतर बघू. लेकरू यायला वेळ आहे. घरी गेल्यावर उसवून दिलं की झालं.

बाजारात बारीक सुई होती, पण तिच्यावर माझं बोट ठरेना. गोदामाजवळ ओळखीचा निघाला, त्याच्याकडून दाभण आणि मेणाची सुतळी आणली. आपल्या हाताचं हत्यार. अकरा टाके घातले, गोदामात घालायचो तसे, प्रत्येक टाक्याला गाठ. मुकादम म्हणायचा, हरिबाचं पोतं मद्रासला पोचलं तरी तोंड उघडत नसतंय. अंगठ्याला एकदा दाभण लागली. रक्त पडलं ते निळ्या चौकोनावर, माझ्याच शर्टावर. बरोबरच आहे.

दुपारी ४

ज्युरी आली. तिघं. एक बाई बेंगळूरच्या, गळ्यात लिंबाएवढे मणी. एक गृहस्थ नुसते फोटो काढणारे. आणि सोमशेखर सर, म्हातारे, चित्रकलेचे मास्तर होते म्हणे. तिघं थेट माझ्याकडं आले. बाकी सगळ्यांना ओलांडून. वृंदाकडं बघून मी मान हलवली.

मणीवाल्या बाई वाकल्या. वाकळ उलटी केली, सुलटी केली. हिंदीत विचारलं, वो खुला कोना कहाँ है? मी म्हणालो, मॅडम, कम्प्लीट कर दिया.

बाईंनी सुतळीवर बोट ठेवलं आणि उचललं, चटका बसल्यासारखं. सर कन्नडमध्ये म्हणाले, यार माडिद्दु? कोणी केलं? मी म्हणालो, नाने. मीच. सरांनी लुगड्याच्या काठाचा एक टाका दाखवला, मग सुतळीचा एक दाखवला. मग दखनीत म्हणाले, मियाँ, ये हाथ और ये हाथ एक घर के हैं, एक आदमी के नईं. किसने सिया, सच बोलो.

मी म्हणालो, निळा चौकोन माझ्या शर्टाचा आहे.

गेले.

सायंकाळी ६

वृंदानं मेल वाचून दाखवला. मी सांगितलं नव्हतं, मोबाईल तिनंच घेतला. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय, आम्हाला तुमची वाकळ घ्यावीशी वाटली ती त्या उघड्या कोपऱ्यासाठी. कृपया तो आहे तसा ठेवावा आणि त्याची गोष्ट स्वतः सांगावी.

तिला म्हणालो, तूच उसवलाय म्हणालीस. ती म्हणाली, मी विचारलं होतं हो, शिवा म्हणाले न्हाई.

असल्या लोकांत राहण्यातच अर्थ नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२

वाकळेवर कार्ड लावलंय, स्पर्धेबाहेर. पहिलं बक्षीस तुराट्यांना. चुलीतल्या तुराट्यांना! ज्युरीच्या अकलेची शिसारी आली. वृंदा पेढा घेऊन आली. खाल्ला, पण मन लावून नाही.

ठरवलं: उद्या सकाळी पहिली बस. मुडबीला उतरायचं नाही. घरी जाऊन निवांत उसवायचं. आत्याला काही कळणार नाही. शिवरात्रीला अजून सतरा दिवस आहेत.

३ वाजून १० मिनिटं

भावजींचा फोन. भावजी म्हणजे दीपमालाअक्काचे मालक, हणमंतराव. रात्रीच कळा सुरू झाल्या. बसवकल्याणहून गुलबर्ग्याला आणलं. मुलगी झाली. छोटी आहे पण ठणठणीत, दवाखाना डोक्यावर घेतलाय म्हणे. अक्का बरी आहे.

मी म्हणालो, पण डॉक्टरनं तारीख दिली होती. भावजी म्हणाले, तिला कोण सांगणार?

मागून आत्याचा आवाज. आधी वाकळ कुठाय विचार. मग म्हणाली, विचार, कोपरा उघडाच हाय न्हवं?

मी व्हय म्हणालो. तोंडातून गेलं.

३ वाजून ५० मिनिटं

उसवायलोय. मेणाची सुतळी. गाठीवर गाठ. नेलकटरचं पातं तुटलं. दातानं ओढलं तर धोतर टर्र म्हणालं. मामांचं धोतर. वृंदानं कात्री आणून दिली, वर म्हणाली, कापडाला लावू नका, दोऱ्याखालून घाला. एवढं मला कळतंय. अकरातले दोन टाके निघाले.

सोमशेखर सर येऊन शेजारी बसलेत. ज्युरीतले असून खाली जमिनीवर. सांगून टाकलं. वाकळ आत्याची आहे, चार महिने तिनं शिवली, भाकरीचं सगळं सांगितलं. म्हणाले, हेच तर विचारलं होतं बाबा. चष्मा पुसला आणि पुढची गाठ नखानं सोडवायला घेतली.

४ वाजून २५ मिनिटं

सहा निघाले. पाच राहिले.

वृंदा पळत आली. म्हणाली, गेटवर एक आजी आल्यात. फडक्यात काहीतरी गरम धरलंय. एच. मंठाळकरकडं आलात का विचारलं तर ओळखत नाही म्हणतात. हरिबा कुठाय, एवढंच विचारायल्यात.