आबाची बाजू

३ जाने.
तिसऱ्या अंकातला मोठा प्रवेश दत्तूकाकांना वाचून दाखवला. सुमनचं लग्न तिचा बाप, आबा, दुसरीकडं ठरवतो, ती राजाचं नाव घेते, बाप तिला घराबाहेर काढतो. इथून पुढं सगळं नासत जातं. सोळा पानं. बाप ओरडतो, सुमन रडते, राजा दार तोडतो. वाटलं, उठून पाठ थोपटतील.
मशीनसुद्धा थांबवली नाही. बाही जोडत म्हणाले, "आवाज लय हाय. ताण नाही."
"म्हणजे?"
"पहिल्याच वाक्यात तुह्या बापानं पोरीले हाकलाचं ठरवून टाकलं. मंग लोकायनं सोळा पानं काऊन बसावं?"
वही उचलली, आलो निघून. दरवर्षी जत्रेचं नाटक बसवतात, बापाचं काम स्वतःच करतात, म्हणून काय... कपडे शिवणाऱ्याला काय कळतं नाटकातलं.
जाऊ दे. संगीताचे वडील आहेत.

५ जाने.
आदिलाबादला वांगी नेली. लवकर खपली. परतीच्या बसमध्ये सं. भेटली, उभीच होती.
"मुधोळचे लोक येऊन राह्यले मले पाहाले. पंचवीसले."
"नाही म्हण."
"काय सांगून नाही म्हणू? तू सांग नं."
मी म्हटलं, तुला नाही म्हणायचंच नसंल तर तसं बोल. अन् दोन थांबे आधीच उतरलो. चालत आलो. घरी आल्यावर कळलं, रिकाम्या टोपल्या बसमध्येच राह्यल्या. संध्याकाळी तिनं शेजारच्या पोरीकडून पाठवून दिल्या. निरोप काही नाही.

८ जाने.
परत गेलो दत्तूकाकांकडं. जणू काही झालंच नव्हतं. कुणाच्या तरी पँटचं माप घेता घेता बोलत होते.
"आबा नुसता राक्षस असला तं लोक शिव्या देतेत अन् शेंगा खात बसतेत. तो बरोबर असला, पोरगीबी बरोबर असली, तवा शेंगा हातातच राह्यतेत. मले एक वाक्य दे, जे ऐकून राजाच्या दोस्तायनंबी मान हालवली पाह्यजे."
दारापर्यंत आलो तर मागून, "अन् हाकलाच्या आधी आबाले थांबव जरा. अजून माघारी फिरू शकते, असा टाइम असते माणसाले. तोच लांबव."

११ जाने.
तीन दिवस आबाची बाजू लिहितो आहे. येत नाही. येणार कशी? माझा राजा देवमाणूस. शिकलेला, शांत, दारू नाही, विडी नाही. असल्या पोराला कोण बाप नाही म्हणेल?
राजात काही तरी खोट पाहिजे. लिहिलं: "त्यानं शिक्षण अर्ध्यात टाकलं." अन् पेन थांबला.
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर फाईल आपटली होती मी, सगळ्या वर्गासमोर. मी निघालो तो निघालोच. माझे कागद आणायलासुद्धा परत गेलो नाही.
मग आबाचं भाषण एका बैठकीत झालं. एकही शब्द खोडावा लागला नाही. हेच वाईट.

१३ जाने.
शाळेच्या व्हरांड्यात तालीम. सुमनचं काम करणारी बाई वडशाहून येते, तीही प्रयोगाच्या दिवशीच. तिला पाठ नसतं काही. प्रॉम्प्टर विंगेतून बोलेल ते ती उचलते. प्रॉम्प्टर मी. म्हणून तालमीत सुमनही मीच. राजाचं काम गज्याकडं. म्हणतो, "सुमनबाई, पुढच्या खेपेला मिशी काढून येजा."
मग आबाचं भाषण. मी हळू सांगायचं, दत्तूकाकांनी मोठ्यानं म्हणायचं.
"त्याचा राग खरा असंल, पोरी. पण जेवता जेवता ताट भिरकावून तो उठला, तर तू उपाशी बसशील. किती दिवस? राग उतरल्यावर तो माघारी येतो का, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही."
एकेक वाक्य आधी माझ्या तोंडून.
गज्यानं मान हालवली. राजा असून!

१६ जाने.
आईला विचारलं, दत्तूकाकांना आमचं माहीत असंल का. "साऱ्या गावाले माहीत हाय, अन् बापाले नसंल?" म्हणून भाकरी थापत राह्यली.
वही दोन दिवस दुकानात होती. सं. तिथं काजं करायला बसते. भाषणाच्या बाजूला पेन्सिलनं बारीक अक्षर: "सुमन काहीच बोलत नाही. रडतेच नुसती."
आता सुमननं काय बोलावं? चार उत्तरं लिहिली, चारही फाडली. सगळी मीच बोलल्यासारखी. शेवटी तिला गप्पच ठेवलं. भाषण, मग आबा ओरडतो "चालती हो", पडदा.

२२ जाने.
काल प्रयोग झाला. बाई दुपारी आली. "प्रॉम्प्टर तुमीच का? आवाज द्या फक्त. बाकीचं मी पाहीन."
तिसरा अंक. भाषण झालं. मी दिलं, "चालती हो." दत्तूकाकांनी घेतलं नाही. पुन्हा दिलं. तेही नाही.
ते बाईच्या जवळ गेले अन् वहीत नसलेलं बोलले. "अर्ध्यात सोडलं ते सोडलं. आता काय करणार हाय तो? सांग मले."
बाई पदरानं डोळे पुसत माझ्या विंगेकडं सरकली. वाट पाहून राह्यली. तिच्याकडं काहीच नव्हतं, मी देईन तेच. तीन उत्तरं आली डोक्यात, तिन्ही रागाची. जीभ चावली.
मग म्हटलं, "मला माहीत नाही, आबा. त्यानं मला कधी सांगितलंच नाही."
बाईनं ते असं म्हटलं की... बायकांच्या बाजूला सं. बसली होती, तिकडं बघायची हिंमत झाली नाही.
दत्तूकाका उभेच. किती वेळ, देव जाणे. मग "चालती हो" म्हणाले, पण ओरडून नाही. जवळजवळ विनवणीसारखं. पडदा.
लोक म्हणतात, असा प्रवेश गावात झाला नाही.

२३ जाने.
दत्तूकाका वाडीत आले. मी मिरच्या तोडत होतो.
"ते परवाचं वाक्य वहीत लिहून ठेव."
"तुमी मुद्दाम विचारलं."
"आबाले विचाराचंच होतं. तू लिहिलं नव्हतं."
दोन वाफे पुढं जाऊन थांबले. "पाहुणे परवा चारले येतेत. पोरगी अजून हो म्हणत नाही. नाही बी म्हणत नाही."

२४ जाने.
आदिलाबादला कॉलेजात गेलो. ज्यांच्या टेबलावर फाईल आपटली तेच सर आता विभागप्रमुख. माफी मागायला तेलुगू पुरलं नाही, हिंदीत मागितली. त्यांनी परत प्रवेशाचा अर्ज वाचला, उलटा करून ठेवला. सोमवारी झेंडावंदन, मंगळवारी या, म्हणाले. सही होईल की नाही, ते काही बोलले नाहीत.

२५ जाने., रविवार
धुतलेला शर्ट घातला. दत्तूकाकांच्या घरी जायचं, पाहुण्यांच्या आधी. हातात कागद नाही.
सं.समोर बोलायचं. तिनं बसमध्ये विचारलं होतं त्याचंच उत्तर, वीस दिवस उशिरा. मंगळवारी जाणार आहे. परत पाठवलं तर बुधवारी. एवढंच आहे माझ्याकडं. ती यावर नाही म्हणाली तर तेही ऐकून घ्यायचं, उठायचं नाही.
आत्ता तीनच वाजलेत अन् गल्लीत मोठी गाडी वळली. मुधोळचेच असतील.
जातो.