साहेबांचा फोन

बाबा, तुम्ही अंगणात बसून भोंग्याच्या तोंडातली धूळ फडक्यानं पुसताय आणि मी चुलीवरचं गरम पाणी बॅटरीच्या टोकांवर ओततेय. टोकांवर साचलेला पांढरा थर फसफसून विरघळतो, ते पाहायला मला आवडायचं. आई आत भाकरी थापते आहे. आता तुम्ही मिठाच्या गुळण्या कराल, गळा मोकळा कराल आणि भोंग्यावर पुकारा करायला सायकलरिक्षा गल्लीबाहेर काढाल. रोजचीच सकाळ. फक्त त्या दिवशी दारात पार्टीचा माणूस उभा होता. आपल्या भागातला आमदार वारला होता, पोटनिवडणूक लागली होती, त्याच्या भावाला तिकीट मिळालं होतं. तो माणूस म्हणाला, "तुमचा आवाज थेट साहेबांसारखा आहे. तेच बोलून राहिले असं बोला ना जरा. लोक रडतीन." तुम्ही फडकं झटकलं आणि म्हणालात, "त्याच्या नावानं मत मागीन गा. त्याच्या तोंडानं नाही बोलनार. तो बिचारा मंधात टोकू नाही शकत." माणूस रागानं गेला, काम दुसऱ्याला मिळालं, आणि तुम्ही हात धुऊन जेवायला बसलात. तुम्ही आणलेल्या उरल्यासुरल्या पत्रकांवर मी अक्षरं लावायला शिकले, पण हे वाक्य कुठे छापलेलं नव्हतं, तरी राहिलं.

यंदा आपल्याकडे पुन्हा पोटनिवडणूक लागली. आमदार झोपेतच गेले. तिकीट त्यांच्या बायकोला मिळालं. फलकावर ती हात जोडून उभी, मागे तिच्याहून मोठा त्यांचा चेहरा. ती सभेत दोन शब्द बोलते आणि खाली बसते. बोलतात ते गेलेले साहेबच. मी भिवापुरी मिरच्यांची देठं काढत बसले होते, फोन वाजला. "ताई, मी बोलतो. ओळखलं ना?" मधेच त्यांचा तो नेहमीचा खोकला. त्यांच्या तेरवीला मी जेवून आले होते, बाबा. जुन्या भाषणांवरून यंत्रानं आवाज तयार करतात, हे पेपरात वाचलेलं होतं, तरी हात थांबला. आवाज प्रश्न विचारतो, मग थोडा थांबतो, कोणी उत्तर देतंय असं धरून "बरं, बरं" म्हणतो. त्या थांबण्यात श्वास ऐकू येतो. मी फोन खाली ठेवून त्याच्यावर सूप पालथं घातलं.

शेजारच्या म्हातारीलाही तो फोन यायचा. तिचा एकुलता मुलगा कन्हानच्या रस्त्यावर अपघातात गेला, तेव्हापासून तिनं चूल जवळजवळ सोडलीच होती. मी ताट नेऊन द्यायचे, ती झाकून परत आणून द्यायची. पण फोनमधला आवाज विचारायचा, "माय, जेवली का?" आणि थांबायचा. ती म्हणायची, "नाही गा भाऊ. आता टाकते भाकर." आणि खरंच टाकायची.

मी तिला एकदा म्हटलं, "माय, तो आमदार मेला ना."

"मले काय माहीत नाही? तेरवीले तुह्यासंगच तं होती मी. बुंदी तूच जास्त खाल्ली."

"मग बोलता काहून त्याच्याशी?"

"तू विचारतं ते कीव करून विचारतं वं. तो मतासाठी विचारते. त्याले माही गरज हाय."

तुमचे जावई गेल्यावर मलाही सगळे कीव करूनच विचारायचे.

मग प्रचार थांबला. आवाज बंद झाला. म्हातारी फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिली. मी ताट नेलं, तिनं पाहिलंही नाही. दुसऱ्या सकाळी चहाचा कपही तसाच, वर साय धरलेली. "गावाले गेला असंन," एवढंच म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. मी चौकातल्या प्रचार कार्यालयात गेले. कार्यकर्ता खुर्च्या एकात एक घालत होता.

"काकू, प्रचार बंद झाला. साहेब आता बोलू नाही शकत."

"मेलेल्यालेही आचारसंहिता लागते का गा?"

"लागते ना, काकू." तो हसलासुद्धा नाही.

"आन् मतदान झाल्यावर?"

"मंग कशाले बोलतीन?"

घरी येऊन मी स्वयंपाकघराचं दार लावलं. तुमचे जावई गेल्यापासून माझा आवाज जाड झाला आहे. तिला फोन लावला, त्याच्यावर पदर धरला आणि म्हटलं, "माय, जेवली का?" मग साहेब थांबायचे तशी थांबले. आणि बाबा, माझ्या घशातून त्यांचा खोकला आला. मी काढला नव्हता.

आमच्या दोघींच्या मधली भिंत पातळ आहे. तिचं उत्तर फोनमधून आलं आणि भिंतीतूनही आलं. "आज आवाज बसला का गा भाऊ?"

"बरं, बरं," मी म्हणाले. ते तेवढंच म्हणायचे. मत मात्र मी मागितलं नाही. थोड्या वेळानं पलीकडून परातीचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा. मी कान भिंतीला लावून ती शेवटची भाकरी होईपर्यंत उभी राहिले.

तुम्ही असता तर पार्टीच्या त्या माणसाला सांगितलं तेच मला सांगितलं असतं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले, आणि आता पाठवायचं कुठे म्हणून ही चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली सारते आहे. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी ते तिच्या पोटासाठी केलं. फोन ठेवल्यावर मात्र मला बरं वाटलं होतं, कोणीतरी आपली वाट पाहत होतं म्हणून.

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन लावला.