काळ्या अंड्याचं व्याख्यान

२ फेब्रुवारी
झाबुआहून तीन कडकनाथ कोंबड्या आल्या. पिसं काळी, चोच काळी, जीभसुद्धा काळी. विकणारा म्हणाला, "साब, हड्डी तक काली है." अंड्याच्या रंगाचं विचारलं तर नुसता हसला. म्हणजे होय. रिटायर्ड इंजिनिअरला एवढं लॉजिक पुरतं. बायकोनं, नलिनीनं, गच्ची दिली, पण होळीपर्यंतच. मग तिला तिथे पापड घालायचेत. अंडी काळी निघाली तर पापड बाल्कनीत, असं ठरलं.

८ फेब्रुवारी
साकेत नगरच्या आमच्या मंडळात जाहीर करून टाकलं. १ मार्चला माझं व्याख्यान, 'काळे अंडे : आकार, आकारमान, रंग'. अध्यक्ष शेजारचे नीळकंठराव, पशुपालन खात्यातून रिटायर्ड. म्हणाले, कडकनाथचं अंडं काळं नसतं हो. माणसानं जन्मभर फायली हाताळल्या, अंडी नाही. दुर्लक्ष.

२० फेब्रुवारी, सकाळी ७
पहिलं अंडं! व्हर्नियरनं मोजलं. लांबी ४४ मिमी, रुंदी ३४. एक टोक निमुळतं, दुसरं बोथट. आकार उत्तम. रंग किंचित सायीसारखा. पहिल्या लॉटमध्ये रंग सेट झालेला नसतो.

२५ फेब्रुवारी
सात अंडी. सातही सायीची. खाद्यात काळे तीळ आणि काळे चणे वाढवले. नलिनीनं विचारलं, मग म्हशीला काय पांढरं खायला घालतात का. तो विषय वेगळा आहे.

२८ फेब्रुवारी, दुपार
तत्त्व सिद्धच आहे, फक्त नमुना यायला उशीर होतोय. लोकांना कळावं म्हणून मॉडेल बनवलं. घरात हेअर डायचं शेवटचं पाकीट होतं, ते एका अंड्याला लावलं. दोन कोट. यात फसवणूक कसली, ड्रॉइंगमध्येही आपण रंग भरतोच. ताजं राहावं म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं. आणि तुमच्या केसांचं काय, असं नलिनी म्हणाली. टोपी घालीन.

१ मार्च
हॉल भरलेला. आकारावर पस्तीस मिनिटं बोललो. मग अंडं नीळकंठरावांच्या हातात दिलं. फ्रिजमधून थेट थर्मासमध्ये घालून आणलेलं, हॉलमध्ये उकाडा. आधी अंड्याला घाम फुटला, मग मला. नीळकंठरावांचा पंजा काळा, अंडं सायीचं. सज्जन माणूस. फक्त पंजा वर करून सभेला दाखवला. मी घाम पुसायला टोपी काढली, ती काढायला नको होती.

२ मार्च
मंडळाच्या ग्रुपवर फोटो आलाय. अंडं आणि माझं डोकं, दोन्ही एकाच शेडमध्ये. मंडळाचा राजीनामा लिहिला, पाठवला नाही.

नलिनीनं सकाळी त्याच अंड्यांचं आमलेट केलं. ताट ठेवताना म्हणाली, "तुमचे पांढरे केस मला कधीच खटकले नाहीत. अंडंही खटकलं नसतं."

फार लाज वाटली. आमलेट चांगलं झालं होतं, दुसरं मागून घेतलं. मग गच्ची झाडून दिली. कोंबड्या बाल्कनीत.