गिझर पेटवू नकोस

धाकट्या,

घरात शिरलास की आधी सगळ्या खिडक्या उघड आणि गिझरला हात लावू नकोस. मी बाबांचे कपडे न्यायला आले होते, परत हॉस्पिटलात चालले. ते जिवंत आहेत.

बाथरूमच्या दारात सांडलंय ते रक्त त्यांचंच. आतून कडी होती, हाकेला ओ येईना, म्हणून तुझा घण घेऊन दार फोडलं. फळी तुटून त्यांच्या कपाळावर बसली. फरफटत अंगणात आणलं आणि शुद्धीवर यावेत म्हणून थोबाडीत मारल्या रे. ज्या गालांना लहानपणी मी दाढीचा फेस लावून द्यायचे, त्याच गालांवर.

शेजारच्या काकू म्हणाल्या, सकाळी तुझ्या आंघोळीनंतर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोंबलत होता, मग ठोकल्याचा आवाज आला आणि सगळं शांत. त्या अलार्मचे तुकडे केराच्या बादलीत सापडले. सेल संपला असं वाटलं ना तुला? सेल संपला की तो मिनिटाला एकदाच चिरकतो. लागोपाठ चारदा ओरडून थांबला आणि पुन्हा चारदा ओरडला, तर सगळ्यांनी बाहेर पळायचं. गिझरमधून सुटणाऱ्या त्या विषारी हवेला ना रंग, ना वास, ना पावलांचा आवाज. त्याच्याशिवाय सांगणार कोण?

समोर असतास तर तोच घण तुझ्यावर उचलला असता मी. तुझंही डोकं जड झालं असेल, तर हॉस्पिटलात येऊन तपासून घे.

डोळे उघडल्यावर बाबांनी पहिलं विचारलं, "अलार्म वाजला कसा नाही गं?" उत्तर तूच येऊन दे. ते तुझी वाट बघतायत.

ताई