चार नंबरच्या बाटलीतला नारंगी धागा

२ डिसेंबर

आज अकरा बाटल्या गाळल्या. समुद्राचं पाणी आधी चाळणीतून, मग फिल्टर पेपरवर, मग तो पेपर मायक्रोस्कोपखाली — आणि मी मान मोडून प्लास्टिकचे धागे मोजत बसायचं. निळे एकोणचाळीस, काळे चौदा. पारदर्शक मोजायचा कंटाळा आला, तरी मोजले. जाळ्यांचे, दोरांचे, लोकांच्या धुतलेल्या कपड्यांचे. माशांना काय, मुकाट गिळतात.

मॅडम म्हणाल्या, "सुट्टी घे ना थोडी." कशाला? घरी काय आहे! बाबा आणि त्यांची इस्त्री.

३ डिसेंबर

जेवले. झोपले.

५ डिसेंबर

तीन महिने झाले आज. चार नंबरच्या जागी माझ्यासाठी बाटली भरायला धाकटा भाऊ पहाटे एकटाच होडी घेऊन गेला. मी झोपेत, बाबाही झोपेत. होडी सापडली, इंजिनाच्या पंख्यात फाटक्या जाळ्याचा गुंता. तो नाही.

मीच सगळ्यांना सांगितलं — अंगात नारंगी स्वेटर आहे, लांबून दिसेल! मीच विणला होता. स्वस्तातली लोकर, नावालाच लोकर, सगळं प्लास्टिक. "ताई, हा स्वेटर आहे की रस्त्यावरचा शंकू?" म्हणाला होता. पण महाशय अंगातून काढतील तर शपथ.

पाच दिवस नऊ होड्या नारंगी रंग शोधत होत्या.

हे सगळं लिहिलं. काही वाटलं नाही. दुसऱ्या कुणाचं लिहिल्यासारखं.

९ डिसेंबर

कप्तान येऊन गेले. बोट आमच्या स्वयंपाकघराएवढी, पण सगळे त्यांना कप्तानच म्हणतात. येतात, चहा पितात, पुन्हा तेच उगाळतात. "शोधाच्या शेवटच्या दिवशी लांब काहीतरी राखाडी तरंगताना दिसलं. नारंगी नव्हतं, म्हणून वळलो नाही. पोतं असेल. पोती काय, रोज पन्नास दिसतात!" बाबा उठून आत गेले. कुठे थांबावं हे कप्तानांना कळतच नाही.

थंडी वाढली आहे. बाबा घरातसुद्धा शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावून बसतात. माझा प्रयोगशाळेचा सुती कोट मात्र रोज सकाळी इस्त्री करून खुंटीला. चाळीस वर्षं लाँड्री चालवली, हात स्वस्थ बसत नाहीत.

१२ डिसेंबर

चार नंबरच्या बाटलीत एक नारंगी धागा.

गरम सुई टेकवली. आक्रसला. प्लास्टिक.

रंग मी ओळखते. दोन महिने माझ्या मांडीवर होता तो.

१९ डिसेंबर

चार नंबर — तीन धागे. पाच नंबरातही एक, प्रवाहाने गेला असेल. म्हणजे स्वेटर तिथेच खाली आहे, खडकात अडकून झिजतोय. म्हणजे तोही तिथेच.

कप्तानांना फोन केला. "शुक्रवारी दोन पाणबुडे घेऊन जाऊ, पोरी. तू काळजी करू नकोस."

बाबांना सांगितलं, सापडला. इस्त्री थांबली. "तिथे नाही गं तो." कशावरून? तर पुन्हा इस्त्री फिरवायला लागले. मला राग यायला हवा होता. आला नाही.

२० डिसेंबर

मॅडमनी माझी प्रयोगाची वही बघितली. "ब्लँक कुठाय?"

मायक्रोस्कोपच्या शेजारी स्वच्छ पाण्याची वाटी उघडी ठेवायची, असा नियम. तिच्यात जे पडेल ते खोलीतलं, समुद्रातलं नव्हे. मी महिनाभर ठेवलीच नव्हती. वाटायचं, कोण बघतंय! नवीन पोरींनी असं केलं की मीच त्यांना झापायची.

"उद्या ठेव. मग खाली माणसं उतरव," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ डिसेंबर

ब्लँकच्या वाटीत नारंगी धागे — पाच.

कोट काढून भिंगाखाली धरला. दोन्ही बाह्यांवर तेच.

कप्तानांना फोन करून शुक्रवारचं रद्द केलं. "का गं?" म्हटलं, धागे आमच्या घरचे आहेत. पुढे त्यांनी विचारलं नाही. पहिल्यांदाच!

२२ डिसेंबर

सकाळी बाबा कोटाला इस्त्री करत होते. समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, वरचं बटण काढा. काढलं. आत नारंगी स्वेटर.

शोध थांबल्यानंतर त्याच्या पलंगामागे पडलेला सापडला म्हणे. लपवून ठेवला. "तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?" मग थंडी पडली आणि त्यांना राहवेना. "घातला की तो जवळ असल्यासारखं वाटतं गं." काढायला लागले तर हात बाहीत अडकला, लहान मुलासारखा.

म्हटलं, राहू द्या बाबा. घाला.

मी सांगितलं होतं, नारंगी शोधा. मीच.

२३ डिसेंबर

विचारलं, मग त्या दिवशी त्याच्या अंगात काय होतं?

बाबांचा हात इस्त्रीवर तसाच राहिला. कोटाची बाही पिवळी पडायला लागली.

"कपाटात एक शर्ट कमी आहे," म्हणाले. "राखाडी."