पळून जाईल म्हणे

काउंटी तुरुंग, केंटकी
४ नोव्हेंबर

ती. वर्लीताईस,
क्लाइडचा आतून सा. न.

काल जामीन नाकारला. सरकारी वकील म्हणाले, जंगलातलं ड्रिलिंगचं यंत्र यानेच जाळलं. याला डोंगरातली वाट न् वाट ठाऊक आहे, सोडलं तर पळून जाईल. जन्मलो तिथल्या वाटा माहीत असणंही आता गुन्हा झाला. तुझ्याकडे ठेवावं, तर पाळत ठेवायला पायात बांधतात त्या पट्ट्याचा सिग्नल आपल्या खोऱ्यात पोचत नाही. म्हणून खटला होईपर्यंत आत.

आमच्या वकील सिझमोरबाईंनी सरकारी वकिलांचा निरोप आणला, कबुली दिली तर शिक्षा कमी करतील. मी यंत्राला हात लावलेला नाही. झऱ्यापाशी खणू नका म्हणून ओरडलो होतो, ते पुन्हाही ओरडेन. रडून कबुली दे म्हणू नकोस.

तुझा खोकला कसा आहे? माया आहेच, तुरुंगातही पोचू दे.

तुझा क्लाइड


११ नोव्हेंबर

चि. क्लाइड यास अ. उ. आ.

मी रडेन असं तुला वाटलंच कसं? एकसष्टीला आलास तरी बावळटच राहिलास.

सिझमोरबाई म्हणाल्या, वरच्या न्यायाधीशांकडे दाद मागू, ते सगळं नव्याने तपासतात. अडचण सिग्नलची. मी म्हटलं, सिग्नल घराकडे येत नाही ना, मग मीच जाते त्याच्याकडे. खोऱ्यातलं घर बंद केलं, कोंबड्या शेजारच्या ओपलला दिल्या आणि गावात चर्चमागे दोन खोल्या घेतल्या. एक तुझी. उपकार मानत बसू नकोस, फक्त घोरू नकोस.

सोमवारी सुनावणी. दाढी करून ये. लोभ वाढवलास तरी चालेल.

ताई


१९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

कोर्टात तुझ्याशी बोलू दिलं नाही. भाऊ पळाला तर कळवाल का, असं सरकारी वकिलांनी विचारल्यावर तू म्हणालीस, आधी बदडीन, मग फोन करीन. न्यायाधीशसुद्धा हसले. मला हसू आलं नाही, कारण तू खरं बोलत होतीस.

निकाल तुला कळलाच असेल. कागद मी दोनदा वाचला. लिहिलंय, डोंगर ओळखणारा माणूस पळणारच, असं सरकारला सिद्ध करता आलेलं नाही. गुरुवारी सोडतील. कबुलीचा निरोप काल पुन्हा आला होता. पुन्हा नाही म्हणालो.

सोमवारी मला बेड्या घालून मागच्या दाराने नेलं. खटल्याच्या दिवशी मी पुढच्या दाराने येईन, माझ्या कोटात, माझ्या पायांनी, सरकारी वकिलांच्या आधी.

तोवर लोभ असू दे. घोरण्याचं वचन देत नाही.

क्लाइड